पाहुण्याची खोली आणि भटारखाना : हॉटेलच्या इमारतीतील ऊर्जा, हवा व माणूस

मराठीत ‘हॉटेल’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. इंग्रजाचे हॉटेल म्हणजे रात्री मुक्काम करण्याचे ठिकाण. पुणेकर मात्र मिसळ खायला, चहा प्यायलाही ‘हॉटेलात’ जातो. मुक्कामाच्या जागेला आपण लॉज म्हणतो, महिन्याच्या हिशेबाने जेवायच्या जागेला खाणावळ किंवा मेस म्हणतो, आणि दोन्ही सोयी असल्या तर जुन्या पाटीवर ‘बोर्डिंग अँड लॉजिंग’ असे लिहिलेले आढळते. शब्दाचा हा सैलपणा प्रस्तुत लेखाला सोयीचाच आहे. कारण आपल्या पेठांत या सर्व गोष्टी पुष्कळदा एकाच इमारतीत नांदतात. तळमजल्यावर भटारखाना आणि जेवणाचे दालन, वर दोन-तीन मजले खोल्या, आणि गच्चीवर पाण्याच्या टाक्या. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेल की ‘हॉटेल’ आणि ‘हॉस्पिटल’ हे दोन्ही शब्द एकाच लॅटिन कुळातले आहेत. परक्या माणसाला आसरा देणे हा दोहोंचा मूळ अर्थ. आसरा देणाऱ्या या इमारतीत आलेल्या माणसाच्या प्रकृतीचे काय होते, आणि त्याला सुख देण्यासाठी किती वीज व इंधन खर्ची पडते, या दोन प्रश्नांचा एकत्र विचार करण्याचा हा प्रयत्न आहे.

हा विषय स्थापत्य अभियंत्यांचा, कलाशाखेच्या वार्षिकात त्याचे काय काम, असे कोणी विचारील. त्याला उत्तर असे की, सदाशिव पेठेत तरी हा आपलाच विषय आहे. सदाशिवरावभाऊंचे नाव धारण करणाऱ्या या पेठेत १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. तेव्हापासून आजच्या स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांपर्यंत बाहेरगावचा विद्यार्थी येथे येतो, कोणाच्या तरी छपराखाली राहतो आणि कोणाच्या तरी हातचे जेवतो. ‘कॉट बेसिस’वर राहणारा आपला वर्गबंधू आणि त्याचे ताट वाढणारा मेसमधला पोऱ्या, दोघेही या विषयाच्या पोटात येतात.

हॉटेलची इमारत वेगळी का?

कचेरी सकाळी उघडते, संध्याकाळी बंद होते. शाळा दुपारी सुटते. हॉटेल मात्र चोवीस तास जागे असते. दिवे, पंखे, वातानुकूलन, पाणी चढवणारा पंप, उद्वाहन, शीतकपाटे, गरम पाणी, धुलाई आणि स्वयंपाक असे सारे खर्च एका छपराखाली गोळा होतात. पाहुणे कमी असले तरी यांतले निम्मे खर्च चालूच राहतात. म्हणून हॉटेलचा हिशेब मांडताना वर्षाची एकूण युनिटे भागिले चौरस मीटर एवढे गणित पुरत नाही. एका पाहुण्याच्या एका रात्रीमागे किती युनिटे लागली, हे पाहणे अधिक न्याय्य ठरते. ‘युनिट’ म्हणजे एक किलोवॅट-तास. हजार वॅटची इस्त्री अखंड एक तास चालली तर एक युनिट खर्च होते.

यात अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी लक्ष द्यावे असा एक पेच आहे. लॉजमधला पाहुणा रात्रीचे ठरलेले भाडे देतो. त्याने पंखा लावला काय किंवा वातानुकूलन १८ अंशांवर ठेवले काय, त्याच्या खिशाला फरक पडत नाही. वापरणारा एक आणि बिल भरणारा दुसरा, अशी ही स्थिती असल्याने काटकसरीची प्रेरणा कोणालाच पुरती होत नाही. उलट, महिन्याच्या भाड्याच्या खोल्यांत नेमके विरुद्ध घडते. भाडे ठरलेले असल्यामुळे मालकाला बचत हवी असते. ही बचत बहुधा जुना पंखा, स्वस्त गिझर आणि लाकडी फळी मारून दोन भागांत वाटलेली खिडकी या रूपाने येते. पहिल्या ठिकाणी वीज वाया जाते, दुसऱ्या ठिकाणी माणसाची प्रकृती.

थोडा इतिहास

मुंबईच्या काळा घोडा भागातले वॉटसनचे हॉटेल १८६०च्या दशकाअखेर उभे राहिले. त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडात ओतून, जहाजाने आणून येथे जुळवला होता. याच वास्तूत ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंची चलच्चित्रे प्रथम दाखवली गेली, हे आपण चित्रपटाच्या इतिहासात वाचतो. लोखंडाचा सांगाडा मुंबईच्या उन्हात उभा करताना भोवती खोल सज्जे ठेवावे लागले, ही बाब मात्र सहसा कोणी सांगत नाही. यंत्र नव्हते तेव्हा सावली आणि वारा हीच शीतकरणाची साधने होती.

डिसेंबर १९०३ मध्ये अपोलो बंदराजवळ जमशेटजी टाटांचे ताजमहाल हॉटेल सुरू झाले. त्याच्या आराखड्याचे काम ज्यांनी केले त्यांत सीताराम खंडेराव वैद्य हे एक होते. ताजमध्ये आरंभापासून विजेचे दिवे होते आणि त्या काळी त्याचे फार अप्रूप होते. या जमशेटजींचेच दुसरे स्वप्न म्हणजे सह्याद्रीवर पडणारे पावसाचे पाणी अडवून त्यावर वीज निर्माण करणे. ते १९०४ साली वारले. खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ साली सुरू झाले. हॉटेलातला दिवा आणि लोणावळ्याच्या घाटमाथ्यावरचा पाऊस यांची सांगड महाराष्ट्रात अशी एका माणसाच्या मनात पडली होती. बटण दाबताना त्यामागे एखादे धरण किंवा कोळशाची खाण उभी असते, हे विसरता कामा नये.

वातानुकूलनाचा जन्म तर माणसासाठी झालाच नव्हता. १९०२ साली अमेरिकेत ब्रुकलिन येथील एका छापखान्यात हवेतील दमटपणामुळे कागद फुगत असे व रंगीत छपाईचे रंग जुळत नसत. विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने त्यावर उपाय म्हणून यंत्र रचले. कागदासाठी निघालेले यंत्र पुढे नाट्यगृहांत, दुकानांत आणि हॉटेलांत माणसांसाठी आले. त्याची क्षमता आपण आजही ‘टन’ या मापात सांगतो. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता खोलीतून बाहेर काढण्याची ती शक्ती. साधारण साडेतीन किलोवॅट.

वाड्याने काय केले?

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. एप्रिल महिन्यात दुपारी पारा ३८ अंशांच्या आसपास जातो, परंतु पहाटे तो २१-२२ अंशांपर्यंत उतरतो. दिवस आणि रात्र यांतला हा सोळा-सतरा अंशांचा फरक हीच पुण्याच्या हवेची खरी संपत्ती आहे. जुन्या वाड्याची रचना या फरकावर उभी होती. दगडी जोते, दीड-दोन फूट जाडीच्या विटांच्या भिंती, मध्ये उघडा चौक, भोवती ओसरी, आणि वर माळा. जाड भिंत दिवसाचे ऊन सावकाश पिते. ते आतल्या बाजूला पोचायला दहा-बारा तास लागतात, आणि तोवर बाहेर रात्र झालेली असते. रात्रीची गार हवा चौकात उतरते आणि भिंतींना पुन्हा निववते.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतले शेकडो वाडे कोसळले. त्यानंतरच्या काळात, आणि पुढे जागेचे भाव चढू लागल्यावर अधिकच वेगाने, वाड्यांच्या जागी सिमेंट-काँक्रीटच्या इमारती आल्या. ही वाटचाल अपरिहार्य होती. वाडा सुखाचाच होता असे मानणेही भाबडेपणाचे आहे; त्यातल्या आतल्या खोल्या अंधाऱ्या असत आणि चुलीचा धूर घरभर फिरे. मात्र नव्या इमारतीत चौक गेला, ओसरी गेली आणि भिंतीची जाडी नऊ किंवा सहा इंचांवर आली. गच्चीचा पाच इंची उघडा स्लॅब दुपारचे ऊन तीन-चार तासांत खालच्या खोलीत उतरवतो, म्हणजे संध्याकाळी पाहुणा परततो नेमका त्याच वेळी. पश्चिमेकडच्या एका साध्या खिडकीच्या दीड चौरस मीटर काचेवर तिसऱ्या प्रहरी चौरस मीटरला सहाशे वॅट ऊन पडते असे धरले, तर नऊशे वॅटची उष्णता खोलीकडे येते. खोलीत कोणी इस्त्री चालू करून ठेवावी, तसा हा प्रकार आहे. मग ती उष्णता बाहेर काढण्यासाठी आपण यंत्र बसवतो आणि त्याचे बिल भरतो. बाहेरून एक छज्जा किंवा बांबूची चटई लावली असती, तर ती उष्णता आत आलीच नसती. आतला पडदा हे काम करू शकत नाही, कारण ऊन तोवर काचेच्या अलीकडे आलेले असते.

श्वासाचा हिशेब

खोली थंड असणे वेगळे आणि खोलीतली हवा चांगली असणे वेगळे. या दोन गोष्टींची गल्लत फार होते. भिंतीवर लावलेले ‘स्प्लिट’ पद्धतीचे वातानुकूलन यंत्र खोलीतलीच हवा आत घेते, गार करते आणि पुन्हा खोलीतच सोडते. बाहेरची ताजी हवा ते आणत नाही. गार वाटते म्हणून हवा ताजी आहे, असे मानणे हा भ्रम आहे.

म्युनिच येथील माक्स फॉन पेटेनकोफर या आरोग्यशास्त्रज्ञाने १८५८ साली एक साधा निकष सुचवला. माणसाच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजावा. त्याचे प्रमाण हवेच्या दहा लाख भागांत हजाराच्या वर गेले, तर वस्तीच्या खोलीतली हवा पुरेशी बदलत नाही असे समजावे. हा वायू त्या प्रमाणात विषारी नसतो. तो केवळ साक्षीदार आहे. तो साचला म्हणजे श्वासातले जंतू, घामाचा दर्प, ओल, सर्व काही साचले.

आता आपल्या पेठेतली एक खोली घेऊ. दहा बाय बारा फूट, उंची दहा फूट; म्हणजे १,२०० घनफूट, अर्थात सुमारे ३४ घनमीटर. तीत चार कॉट. स्वस्थ बसलेला माणूस तासाला सुमारे १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. चौघांचे ७२ लिटर झाले. दारे-खिडक्या अगदी घट्ट बंद आहेत असे धरले, तर एका तासात खोलीतले प्रमाण दहा लाखांत २,१०० भागांनी वाढेल. बाहेरच्या हवेत ते आज ४२०च्या थोडे वर असते. म्हणजे अवघ्या तासाभरात आपण अडीच हजारांवर पोचलो. प्रत्यक्षात फटींतून थोडी हवा येते, म्हणून वेळ जरा अधिक लागेल. परंतु रात्र आठ तासांची असते. सकाळी डोके जड होऊन उठणारा विद्यार्थी अभ्यासाच्या ताणाला दोष देतो. त्यात खिडकीचाही वाटा असू शकतो.

उलट बाजूने गणित केले तर माणशी तासाला सुमारे ३० घनमीटर ताजी हवा मिळाली पाहिजे, असे उत्तर येते. एक खिडकी बोटभर उघडी आणि समोरच्या भिंतीत वर झरोका, एवढ्याने पुष्कळदा हे साधते. समोरासमोर वाट असणे महत्त्वाचे. एकाच भिंतीतल्या दोन खिडक्यांचा उपयोग फार थोडा.

हा प्रश्न केवळ जडत्वाचा नाही. फेब्रुवारी २००३ मध्ये हाँगकाँगच्या मेट्रोपोल हॉटेलात नवव्या मजल्यावर उतरलेल्या एका आजारी डॉक्टरापासून सार्स हा रोग इतर पाहुण्यांना जडला आणि त्यांच्याबरोबर तो देशोदेशी गेला. २४ जानेवारी २०२० रोजी चीनमधील ग्वांगझौ येथील एका उपाहारगृहात शेजारशेजारच्या तीन टेबलांवर जेवणाऱ्या तीन कुटुंबांतील दहा जणांना पुढे कोविड झाल्याचे आढळले. तेथील वातानुकूलन तीच हवा त्या टेबलांवरून फिरवत होते, आणि हवा बाहेर टाकणारे पंखे बंद होते. बंद ठेवलेला पंखा किती महाग पडू शकतो, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

गरम पाण्याचा प्रश्न

जुन्या वाड्यात न्हाणीघराबाहेर तांब्याचा बंब असे. त्यात लाकडे, कोळसा, करवंट्या, काहीही जळे. धूर उघड्यावर जाई. आज लॉजमध्ये विजेचा किंवा गॅसचा गिझर असतो. वीस लिटरची बादली २५ अंशांवरून ४५ अंशांवर नेण्यास जवळजवळ अर्धे युनिट लागते. तीस खोल्या आणि साठ पाहुणे असले, तर एका सकाळी २८ युनिटे नुसत्या आंघोळीची झाली. पुण्यात पावसाळ्याचे काही आठवडे सोडले तर ऊन भरपूर असते. गच्चीवरचा सौर बंब यातला मोठा भाग फुकट करू शकतो, आणि अनेक इमारतींनी तो बसवलाही आहे.

येथे दोन धोके सांगितलेच पाहिजेत, कारण त्यांत जीव जातो. पहिला गॅसच्या गिझरचा. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गिझर तासाला जवळपास एक किलो गॅस जाळतो, आणि एक किलो गॅस नीट जळायला सुमारे तेरा घनमीटर हवा लागते. चार बाय पाच फुटांच्या, आठ फूट उंचीच्या न्हाणीघरात एकूण हवा असते साडेचार घनमीटर. म्हणजे पाव तासाच्या आंघोळीत गिझर तीन घनमीटरांहून अधिक हवा वापरून टाकतो. दार लावलेले, झरोका थंडीसाठी कागदाने बंद केलेला. मग ज्वाळेला प्राणवायू अपुरा पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. माणसाला गुंगी येते, आणि दाराला आतून कडी असते. गॅसचा गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत असावा; आत असेल तर त्याचे धुराडे बाहेर काढलेले असावे आणि झरोका कधीही बंद करू नये. आत हवा येण्याची वाट न ठेवता नुसता हवा ओढणारा पंखा बसवला, तर तो धुराड्यातला वायूच उलट आत खेचू शकतो. भाड्याने खोली घेताना भिंतीचा रंग पाहण्याआधी ही गोष्ट पाहावी.

दुसरा धोका काटकसरीतून येतो. जुलै १९७६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात माजी सैनिकांचे अधिवेशन भरले. त्यानंतर न्यूमोनियासारख्या रोगाने तिसाच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. १९७७च्या जानेवारीत त्याचा जंतू सापडला. त्याला ‘लीजनेला’ हे नाव मिळाले. वातानुकूलनाच्या मनोऱ्यांतल्या आणि टाक्यांतल्या कोमट पाण्यात हा जंतू वाढतो, आणि तुषारांबरोबर श्वासातून शरीरात शिरतो. २५ ते ४५ अंश हे त्याला मानवणारे तापमान. म्हणून मोठ्या टाकीत गरम पाणी साठवायचे असेल तर ते ६० अंशांच्या आसपास ठेवावे आणि नळाशी थंड पाणी मिसळून द्यावे, असे सांगतात. वीज वाचावी म्हणून टाकी ४० अंशांवर ठेवणे ही बचत नव्हे. ज्या बचतीत आरोग्य धरलेले नाही, तो हिशेब अपुरा आहे.

भटारखान्याची बाजू

हॉटेलातील हवेवर जे लिहिले जाते, त्यात बहुतांशी पाहुण्याचाच विचार असतो. पाहुणा रात्रभर राहतो आणि जातो. आचारी, भांडी घासणारा, पोळ्या लाटणाऱ्या बाया आणि वाढपी यांचे दिवसाचे दहा-दहा तास त्याच इमारतीत जातात. त्यांच्या वाट्याला येते ती हवा कोणती?

समजा, एका लहानशा खाणावळीच्या शेगड्या मिळून तासाला एक किलो गॅस जळतो. त्यातून सुमारे पावणेतेरा युनिटांइतकी उष्णता निघते. यातली निम्मी भांड्यात गेली असे धरले, तरी सहा किलोवॅटहून अधिक उष्णता भटारखान्यात पसरते. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरातून सुमारे शंभर वॅट उष्णता बाहेर पडते. म्हणजे त्या दहा बाय दहाच्या जागेत आचाऱ्याभोवती अदृश्य अशी साठ माणसे दाटीने उभी आहेत, असे समजावे. शिवाय तळणाचा धूर, फोडणीचा खकाणा आणि वाफ. १९४८च्या कारखाना कायद्याने तेराव्या कलमात कामगारासाठी पुरेशी हवा आणि सुसह्य तापमान यांचा आग्रह धरला होता. पेठेतल्या लहान भटारखान्याच्या भिंतीवर मात्र तापमापक टांगलेला दिसणे दुर्मीळच.

यावर बहुधा एकच उपाय केला जातो: भिंतीत एक पंखा. पण पंख्याचे काम अर्धेच समजून घेतले जाते. जेवढी हवा बाहेर जायची, तेवढीच आत आली पाहिजे. ती वाट ठेवलेली नसेल तर पंखा गरगर फिरतो आणि धूर तेथेच घुटमळतो. किंवा तो जेवणाच्या दालनातली, पैसे मोजून गार केलेली हवा ओढून बाहेर फेकतो. किंवा गरम हवा आपल्या स्वभावाने जिन्यातून वर चढते आणि दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत पाहुण्याच्या पांघरुणाला फोडणीचा वास येतो. शेगडीच्या वर, शेगडीपेक्षा थोडे रुंद, पत्र्याचे छत्र. त्यातून छतापलीकडे नेलेले धुराडे. आणि आचाऱ्याच्या मागच्या बाजूने बाहेरची हवा आत यायला जाळीची खिडकी. एवढी रचना असली तर लहान पंखाही पुरतो, वीज कमी लागते, आणि धूर आचाऱ्याच्या नाकापर्यंत पोचण्याआधी वर जातो. झाकण ठेवून शिजवणे, आदल्या रात्री कडधान्य भिजवणे, बर्नर साफ ठेवणे, या आपल्या आजीच्या सवयी येथे दुहेरी उपयोगी ठरतात. जो गॅस जळलाच नाही, त्याची उष्णताही बाहेर काढावी लागत नाही.

उपाय आणि नियम

महाराष्ट्रात या दिशेने विचार झालेला नाही असे नाही. विठ्ठल कामत यांनी मुंबईत विमानतळाजवळ उभारलेले ‘ऑर्किड’ हॉटेल १९९७ साली सुरू झाले. ‘इकोटेल’ हे पर्यावरणविषयक प्रमाणपत्र मिळवणारे आशियातील पहिले पंचतारांकित हॉटेल म्हणून ते ओळखले जाते. गच्चीवरचा पोहण्याचा तलाव खालच्या मजल्यावर येणारे ऊन अडवतो. खोलीत एक हिरवे बटण ठेवलेले. पाहुण्याने ते दाबले की वातानुकूलनाचे तापमान थोडे चढते. पाहुण्याला उपदेश न करता निवडीची संधी देण्याची ही रीत विचार करण्यासारखी आहे. ‘इडली, ऑर्किड आणि मी’ हे त्यांचे आत्मकथन मराठी वाचकांना परिचित आहेच.

केंद्र सरकारने २००१ साली ऊर्जा संवर्धन कायदा केला. त्यानुसार २००२ मध्ये ऊर्जा दक्षता ब्यूरो स्थापन झाला आणि २००७ साली व्यापारी इमारतींसाठी संहिता आली; ती २०१७ साली सुधारण्यात आली. परंतु या संहितांचा रोख शंभर किलोवॅट किंवा त्याहून अधिक जोडभार असलेल्या नव्या इमारतींवर होता. पंचवीस खोल्यांचा जुना लॉज किंवा चार मजली मेस त्या जाळीतून सहज निसटते. १ जानेवारी २०२० पासून तारांकित वातानुकूलन यंत्रे कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून देण्याचा नियम आला. तापमान एक अंश वर ठेवले तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ब्यूरोचे म्हणणे आहे.

मग माणसाला सुखाचे तापमान कोणते? युरोप-अमेरिकेतल्या प्रयोगशाळांनी दिलेले आकडे आपण बराच काळ प्रमाण मानले. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील संशोधकांनी पाच शहरांतल्या कचेऱ्यांत प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना विचारून २०१४ साली एक भारतीय सूत्र मांडले. उघड्या खिडक्यांच्या इमारतीत, बाहेरचे सरासरी तापमान ३० अंश असेल तर आत सुमारे २९ अंशही लोकांना सुसह्य वाटतात, असे त्यातून निघते. अभ्यास कचेऱ्यांचा होता, तरी हॉटेलवाल्याने त्यातून घेण्यासारखा धडा आहे. आपल्या माणसाला १८ अंशांची गरज नाही; त्याला सावली, वारा आणि खिडकी उघडण्याचे स्वातंत्र्य हवे आहे. जुना छताचा पंखा ७५ वॅटचा, नवा तीस वॅटच्या आसपासचा. रात्रीच्या आठ तासांत जुना पंखा अर्ध्या युनिटाहून थोडे अधिक खातो, नवा पाव युनिट. एक टनाचे वातानुकूलन त्याच वेळात पाच-सहा युनिटे खाऊ शकते.

यावरून कामाचा क्रम ठरतो. प्रथम ऊन बाहेर अडवावे; गच्चीला पांढरा चुना, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून सावली. मग वाऱ्याला समोरासमोर वाट द्यावी आणि रात्रीची गार हवा आत घ्यावी. मग पंखा. आणि त्यानंतर, जेथे खरोखर गरज असेल तेथे, यंत्र. तेही ताज्या हवेची सोय ठेवूनच. आपण आज हा क्रम उलटा लावला आहे.

आपण काय करावे?

नियमांच्या जाळीतून लहान इमारती निसटत असतील, तर त्यांच्याकडे पाहण्याचे काम कोणीतरी केले पाहिजे. ते महाविद्यालयाने का करू नये? भूगोल विभागाने तापमापक आणि आर्द्रतामापक घ्यावेत. कार्बन डायऑक्साइड मोजणारे हातात मावेल असे यंत्र आज मिळते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मालकाच्या संमतीने वर्षभराची वीजबिले आणि सिलिंडरांची संख्या उतरवून घ्यावी, आणि माणशी एका रात्रीमागचा खर्च काढावा. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी पाहुण्याला विचारावे, तसेच भटारखान्यातल्या माणसालाही विचारावे. मराठी विभागाने निष्कर्ष सोप्या भाषेत एका पानावर लिहून द्यावेत. ते मालकाच्या गल्ल्यामागे लावता येतील. हे सारे कोणाला गुन्हेगार ठरवण्यासाठी नको. पेठेतला लॉजचालक किंवा मेसवाल्या काकू काही धनाढ्य नसतात. झरोका उघडल्याने किंवा बर्नर साफ केल्याने बिल घटते हे त्यांना आकड्यांत दिसले, तर ते आपण होऊन करतील.

एखादी इमारत किती वीज खाते हे मीटरवर दिसते. ती माणसाशी कशी वागते हे दिसण्यासाठी मागच्या दाराने भटारखान्यात जावे लागते, आणि रात्री बंद खिडकीच्या खोलीत बसावे लागते. ऊर्जेचा आणि हवेचा प्रश्न वेगवेगळा मांडला की एकीत बचत आणि दुसरीत आजार, असा सौदा होतो. दोन्ही एकत्र मांडले तर सावली, वारा आणि झरोका ही बिनखर्चाची साधने दोन्ही बाजूंनी आपली होतात. पुण्याच्या हवेने दिलेली गार रात्र अजून शाबूत आहे. तिला आत यायला वाट करून देणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.